उद्यापासून मुगाचं पाणी

पुणे, कार्तिक शुद्ध पंचमी, शके १७१५

मेहरून,

पत्राच्या माथ्यावर ‘श्री’ काढायला बोरू टेकवला आणि पुन्हा उचलला. तुझ्या घरी जाणारं पत्र, तुला चालेल की नाही ठाऊक नाही. नऊ वर्षांपूर्वी हा प्रश्नच पडला नसता. म्हणून वर नुसती तिथी घातली आहे.

अक्षर मुद्दाम मोठं आणि बालबोध काढते आहे, म्हणजे दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यायला नको. आमच्या मागल्या अंगणात धुळपाटीवर मी तुला शिकवलं ते हेच. तुझे अब्बा काष्ठौषधींचं गाठोडं सोडून आमच्या बाबांशी हिरडा जुना की नवा यावर वाद घालत बसायचे, आणि तेवढ्या वेळात आपण तुळशीमागे अक्षरं गिरवायचो. ‘ळ’ तुला कधी नीट आला नाही. माझ्या हातात हात देऊन काढायचीस. घरात कळलं तेव्हा मला अंघोळ घातली आणि तुला खोबऱ्याचा तुकडा दिला, वरून हातात सोडून. आपण दोघी हसलो होतो. कशाला हसलो ते आता सांगता येत नाही.

तुझा भाऊ मकबूल हिरडा घ्यायला जुन्नराकडे निघाला आहे, त्याच्या हाती हे देते. तो म्हणाला, “आपा घेईल का नाही, मी सांगू शकत नाही, बाई.” घेतलंस तर वाच. कागद तुमच्याकडचाच आहे. दुकानदार जुन्नरी म्हणाला. कोण जाणे, तुझ्या नवऱ्याच्या, मकसूदमियांच्याच कागदाच्या हौदातला असेल.

लिहायचं कारण दादा, माझा हा थोरला भाऊ. डोळ्यांत मोती पडला, आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. दम लागतो. स्वतःची नाडी स्वतःच धरून बसतात आणि मला सांगतात, “मुक्ते, माझं पुढच्या वर्षीचं पंचांग आणू नकोस.” असं बोलायची त्यांची रीत तुला आठवत असेल.

त्यांच्या मनात एकच आहे. तुझ्या शहजादीला त्यांनी लंघन सांगितलं आणि ते कधी सोडायचं हे सांगायला विसरले, अशी त्यांची समजूत आहे. सहा वर्षांची पोर आपल्या विसरण्याने गेली म्हणतात. तू माफ करावंस असं ते म्हणत नाहीत. म्हणतात, “मेहरूनने एकदा यावं आणि मला तोंडावर बोलावं. ती न बोलताच निघून गेली.” यायला जमणार नसेल तर दोन ओळी लिही. जे असेल ते. मी वाचून दाखवीन.

तुझी
मुक्ता


पुणे, कार्तिक वद्य अष्टमी

मेहरून,

मकबूल परत आला. तू पत्र उभ्यानेच वाचलंस आणि घडी करून आत गेलीस, एवढं त्याने सांगितलं. तू वाचलंस, एवढ्यावर मी दुसरं लिहायला बसले आहे.

तुला दादा आठवतात तसे ते आता राहिले नाहीत. तेव्हाचे तुला सांगायला नकोत, पण मला लिहून बघायचे आहेत. मी त्या घरात असून ते मला कधी दिसलं नव्हतं.

मोठ्या घरी गेले की दादा दुखणाइताजवळ पाट मांडून बसत. आधी त्याच्याशी बोलत, मग त्याच्या आईशी, मग स्वयंपाकिणीला बोलावून सगळं पथ्य तिच्याकडून म्हणवून घेत. एका सरदारांच्या बाईंनी विचारलं होतं, लोणच्याचा खार नुसता बोटाला लावून चाटला तर चालेल का. दादा अर्धा प्रहर लोणच्यावर बोलले. कारकुनांच्या घरी ते ओसरीवर बसत आणि पुरुषमाणसाशी बोलत. दुखणं बाईचं असलं तरी तिचं काय दुखतं ते नवराच सांगे. पेठेतल्या लोकांना आमच्या ओट्यावरूनच, “तीन पुड्या, मधातून. जा.” आणि वेशीपलीकडून कोणी आलं तर आमचा गडी गेनबा पुडी दगडावर ठेवायचा आणि दादा दुरून बोटं दाखवायचे. दोन बोटं म्हणजे दोन दिवस, चार म्हणजे चार. दोन दिवसांत बरं वाटलं नाही तर काय करायचं, याला बोट नव्हतं. ते कोणी विचारलं नाही. विचारायला जवळ येताच येत नव्हतं.

औषध मात्र सगळ्यांना एकच. त्यात दादांनी कधी खोट केली नाही. खलात मीच घोटायची, मला ठाऊक आहे. फरक सगळा बोलण्यात होता.

तुमचं घर यात कुठे बसत होतं, याचा मी हल्ली विचार करते. ज्या अत्ताराकडून आम्ही औषध घेतो त्याला औषध काय समजावून सांगायचं, असंच आम्ही धरून चाललो होतो.

शहजादी गेल्यावर दादा बदलले. वेताळ पेठेत, मोमिनांच्या आळीत, कुठेही स्वतः जायला लागले. उंबऱ्याशी बसायचे, सांगितलेलं आजाऱ्याच्या माणसांकडून म्हणवून घ्यायचे, चुकलं की पुन्हा. घरी आले की अंघोळ. तेवढ्यात दुसरीकडचं बोलावणं, की परत आल्यावर पुन्हा अंघोळ. हौदावरून पाणी आणता आणता श्यामला मोलकरीण कावून जायची. शेजारचे अनंतभट एकदा म्हणाले, “वैद्यबुवा, आपण पाठशाळा काढल्याचं कानावर आलं. कोणकोणत्या जातीचे विद्यार्थी घेता?” दादा म्हणाले, “आपणही या. आपल्याला सात वेळा सांगून ताक सुटलेलं नाही.” त्यानंतर अनंतभटांनी वर्षभर आमच्याकडे पाऊल टाकलं नाही. अजून तीनचार घरं तुटली. दादांनी मनावर घेतलं नाही.

डोळे गेल्यावर हे सारं थांबलं. आता बसून तोच एक दिवस आठवत राहतात. मी कधी म्हणते, दादा, तुम्ही सांगितलं असेल, गेनबाने निरोप अर्धाच पोचवला असेल. म्हातारा झाला होता, कानाने कमी ऐकायचा. आता तोही नाही.

लिही गं काहीतरी.

मुक्ता


पुणे, मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी

मेहरून,

मागच्या पत्रात मी गेनबाचं नाव घेतलं. पत्र गेलं आणि त्या दिवसापासून मला घास गोड लागला नाही. गेनबाने एक शब्द गाळला नव्हता. मी जेवढं सांगितलं तेवढं त्याने तुम्हाला सांगितलं.

आता सारं लिहिते. आदल्या संध्याकाळी मकबूलने शहजादीला उचलून आणलं होतं. तू माहेरी आली होतीस ती तिला आजोळच्या गावचा गणपती दाखवायला, आणि दोन दिवसांत तिला ताप भरला. थोरल्या दोघांनंतर बारा वर्षांनी झालेली पोर, तू मागे मागे पळत आली होतीस, डोक्यावरची ओढणी सावरायचंही भान नव्हतं. दादांनी नाडी बघितली, जीभ बघितली, उद्या सकाळी सांगतो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाबांचं श्राद्ध होतं. वहिनी गेल्यापासून सोवळ्याचा स्वयंपाक माझ्याकडे. मी न्हाऊन सोवळं नेसून चुलीपाशी होते, कढईत वडे होते, ब्राह्मण हातपाय धूत होते. दादा स्वयंपाकघराच्या दाराशी आले आणि म्हणाले, “अत्ताराकडचा आला आहे. पोरीला आजचा दिवस लंघन. उद्यापासून मुगाचं पाणी, परवा पेज. सांग त्याला, मी पानं घेतो.”

मी ऐकलं. मागल्या दारापर्यंत उठून गेले असते तर वडे करपले असते, आणि विटाळ झाला म्हणून पुन्हा न्हावं लागलं असतं. मी बसल्या जागेवरून गेनबाला ओरडून सांगितलं, “सांग, लंघन. पुढचं मागाहून कळवू.”

मागाहून. संध्याकाळी अंग मोडून आलं होतं. आठवण झाली, पण म्हटलं उद्या सकाळी. सकाळी दादांना चाकणच्या सरदारांकडून घोडं आलं, त्यांची तयारी करण्यात दिवस गेला. आणि खरं सांगू, मला काळजी वाटली नाही. आमच्या आळीत वैद्याने लंघन सांगायचं आणि आजीने पदराआडून लाडू द्यायचा, हेच मी जन्मभर बघत आले. लंघनात कोणी सबंध दिवस उपाशी राहिलेलं मला माहीत नाही. तुमच्याकडेही कोणी ना कोणी काहीतरी दिलं असेल, असं धरून मी निजले.

तुम्ही अत्तार. गुंजभर इकडचं तिकडे झालं तर औषधाचं विष होतं, हे तुमच्या घरातल्या रांगत्या पोरालाही कळतं. तुम्ही वैद्याचा शब्द मोडणार नव्हतात. पुढचं मागाहून कळवू म्हटलं होतं, तुम्ही कळण्याची वाट बघत राहिलात. कोमट पाण्यावर.

सातव्या दिवशी ती गेली. आठव्या दिवशी दादा परत आले, गेनबाने दारातच सांगितलं. पायाची धूळ तशीच, ते आत आले आणि मला म्हणाले, “मुक्ते, मी पुढचं सांगितलं होतं ना?”

मी म्हणाले, “नाही. लंघन एवढंच म्हणालात.”

मेहरून, त्यांनी ते लगेच मानलं. माझ्यावर त्यांचा इतका विश्वास. नऊ वर्षं ते माझं खोटं खरं धरून उन्हापावसात दारोदार फिरले.

हे मी तुला आधी लिहिते आहे. त्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगेन.

मुक्ता


पुणे, मार्गशीर्ष वद्य चतुर्थी

मेहरून,

सांगितलं.

दादा अंगणात उन्हाला बसले होते. पुढे सूप होतं. डोळे नसले तरी वासावरून मुळ्या निवडतात, तेवढं एक काम अजून करतात. मी समोर बसले आणि अथपासून इतीपर्यंत बोलले. ते ज्येष्ठमधाची कांडी हातात धरून ऐकत होते. मी थांबल्यावर त्यांनी ती सुपात ठेवली.

मग म्हणाले, “चाकणला निघालो तेव्हा घोडं अत्ताराच्या दुकानावरून गेलं.”

मला वाटलं त्यांनी माझं ऐकलंच नाही.

“मकबूल दुकानाच्या पायरीवर उभा होता. त्याने हात वर केला. मला वाटलं, सलाम करतो आहे. मीही हात वर केला. सरदारांचा माणूस पुढे होता, मी उतरलो नाही.”

मी म्हणाले, दादा, तुम्ही सांगितलं होतं, चूक माझी आहे. तर म्हणाले, “नऊ वर्षं वाटत होतं, मी विसरलो. माणूस विसरतो. आता कळतं की विसरलो नव्हतो. चुलीपाशी बसलेल्या बहिणीच्या पाठीला एक वाक्य सांगितलं आणि तेवढ्यावर भागलं म्हणालो. चाकणला मात्र सरदारांच्या स्वयंपाकिणीकडून मेथीची भाजी वर्ज्य आहे, हे मी तीनदा म्हणवून घेतलं होतं.”

एवढंच. रागावले नाहीत. रागावले असते तर मला काही धरायला मिळालं असतं. त्या दिवसापासून माझ्या हातचं जेवतात, पण पानात काय वाढलं आहे ते विचारत नाहीत. पूर्वी प्रत्येक पदार्थाला हात लावून विचारायचे, हे काय गं, मुक्ते. आता मी न विचारता सांगते, ही भाजी, ही आमटी. ते हूं म्हणतात.

मी त्यांचं ओझं उतरवायला गेले होते. ते उतरलं नाही, मीच अजून घातलं. तरी सांगितलं ते बरं केलं असं मला वाटतं. तुला काय वाटतं ते मला कळायचं नाही.

मकबूल पुन्हा निघाला आहे, म्हणून घाईने संपवते.

मुक्ता


जुन्नर, पौष शुद्ध षष्ठी

मुक्ताबाई,

तुमची चार पत्रं पोचली. मला लिहायचं नव्हतं.

लंघनाच्या चौथ्या दिवशी मकबूल पुन्हा तुमच्या मागल्या दारी आला होता, ते चारही पत्रांत कुठे नाही. पुढे काय द्यायचं, हेच विचारायला आला होता. गेनबा आत जाऊन आला आणि म्हणाला, वैद्यबुवा गावाला गेलेत, आल्यावर विचारा. पण आत जे बोलणं झालं ते मकबूलला ऐकू आलं. तो लहानपणापासून तुमचा आवाज ओळखतो. घरी येऊन मला म्हणाला, मुक्ताबाई आहेत, त्यांना ठाऊक असतं तर त्यांनी सांगितलं असतं.

मग मी निश्चिंत झाले. ती भाकरी मागत होती. मी म्हणत होते, वैद्यबुवा येऊ देत.

ते असो. माझ्या थोरल्याची मुलगी चार वर्षांची आहे. आज पाच दिवस तिला ताप आहे. इथे सांगतात, लंघन द्या. सून देऊ म्हणते. मी दोन दिवस कसंबसं थांबवलं आहे, पण मी सांगून कोण ऐकणार. वैद्यबुवांचं नाव इथेही चालतं. त्यांना विचारून लिहा, खायला काय द्यायचं, किती, कधीपासून, आणि ताप उतरला नाही तर काय करायचं. हा माणूस उत्तर घेतल्याशिवाय येणार नाही.

तुमच्या हातचं अक्षर नको होतं. पण त्यांना दिसत नाही.

मेहरून


पुणे, पौष शुद्ध अष्टमी

मेहरून,

आधी पोरीचं. बाकीचं खाली आहे, ते वाचलं नाहीस तरी चालेल.

उपाशी ठेवायचं नाही. दादांनी हेच पहिलं लिहायला सांगितलं. पाच दिवस उलटले, आता लंघनाचा काळ गेला. पत्र पोचेल त्याच घटकेला साळीच्या लाह्या पाण्यात उकळून ते पाणी गाळून दे, चिमूटभर सैंधव घालून. एका वेळी चार चमचे, गार नको, कढत नको. पोटात राहिलं तर दोन घटकांनी पुन्हा तेवढंच. उलटलं तर घाबरू नकोस, थोडं थांबून दोन चमचे दे, पण देणं सोडू नकोस. दुसऱ्या दिवशी मुगाचं पाणी, वरचं, नितळ. तिसऱ्या दिवशी जुन्या तांदळाची पेज. भूक लागली म्हणून मागितलं तर ती बरी होण्याची खूण आहे, अंगात दोष वाढल्याची नव्हे. मागेल तेव्हा यातलंच थोडं दे. भाकरी, दूध, मांस आठ दिवस नको. आठ दिवस झाले आणि ताप नसला की भाकरी, मऊ, वरणात कुस्करून.

सोबत सहा पुड्या आहेत. सकाळी एक, संध्याकाळी एक, मधाच्या दोन थेंबांत. तीन दिवसांत संपतील. घाम येऊन अंग गार लागलं तर उरलेल्या देऊ नकोस. ताप तसाच राहिला, किंवा पोर हाकेला ओ देईना, मान ताठ धरू लागली, तर पुड्या पुरेत; तिला डोलीत घालून इकडे आण. रस्त्यात पेज चालू ठेव. इथे मकबूलच्या घरी उतरा, दादांना मी तिथे घेऊन येते. त्यांना चालता येत नसलं तरी पालखी करून आणते.

हे दादांनी सांगितलं आणि मी लिहिलं. मग म्हणाले, “वाच.” मी वाचलं. म्हणाले, “उलटलं तर काय, ते राहिलं.” ते घातलं. पुन्हा वाचायला लावलं, तेव्हा भाकरी कधीपासून ते राहिलं होतं. तिसऱ्यांदा वाचल्यावर म्हणाले, “सुनेला कोण सांगणार? तिच्यासाठी म्हणून वर माझं नाव घाल. श्रीधर वैद्य सांगतो, लंघन बंद.” तर सुनेला सांग, श्रीधर वैद्य सांगतो, लंघन बंद.

आता माझं.

चौथ्या दिवशी आतून बोलले ती मीच. मकबूल बरोबर सांगतो. माझं जेवण उरकलं होतं, सोवळं सोडलेलं होतं, उठायला काहीही आडवं नव्हतं. मुगाचं पाणी द्या, एवढंच म्हणायचं होतं. ते म्हणाले असते तर हे तीन दिवसांपूर्वीच ठाऊक होतं हे उघडं झालं असतं. दादा आले की तेच सांगतील, कोणाला काही कळणार नाही, असं मी मनाशी म्हणाले. हे मी चार पत्रांत लिहिलं नाही. तुला माहीत नसेल असं धरलं होतं.

तू लिहिलेलं आज दादांना वाचून दाखवलं, ‘ती भाकरी मागत होती’ हेसुद्धा. ते म्हणाले, “आधी पोरीचं लिही.” पोरीचं सांगून झाल्यावर माझ्याशी बोलले नाहीत. बोलावं असं मी काही केलेलं नाही.

तुझा माणूस पुढच्या ओसरीवर बसला आहे. भैरू नाव सांगतो. त्याला वाचता येत नाही. पत्र वाटेत भिजलं, हरवलं तर, म्हणून मी त्याच्यापुढे बसून सगळं त्याच्याकडून म्हणवून घेतलं. दोनदा लाह्यांच्या आधी पेज म्हणाला. आता बरोबर म्हणतो. त्याला जेवायला वाढलं आहे, जेवला की लगेच निघेल.

ताप उतरला की दादांना लिही. नाही उतरला तरी लिही.

मुक्ता